दुपारी मरणारं झाड

राणासाहेबांची बदली झाली, तेव्हा
बँकेच्या मागच्या पायरीवर एक कुंडी उरली.
ट्रकात जागा होती. पण साहेब म्हणाले,
उकंडराव, हिचा चार्ज आता तुमच्याकडे.
सही कुठे करायची, मी विचारलं. ते हसले.

हायड्रेंजिया. जीभ दोनदा अडखळली.
गिरजा म्हणाली, हैदराबादी म्हणा अन् मोकळे व्हा.
तेच नाव घरात चालतं.

साहेबांच्या पहाडात हे कुंपणाला लागतं म्हणे,
आपल्या नाल्याला बेशरम लागते तसं.
इथे दारव्हा रोडवर, मे महिन्यात,
पत्र्यावर पापड वाळत नाही, भाजतो.

दुपारी दोनला पानं लोंबतात,
शाळेत उभ्या केलेल्या पोरांच्या मानांसारखी.
नेमके तेव्हाच लोक बघायला येतात.
ढाकुलकर मास्तर चष्मा काढून म्हणतात, गेलं.
कुडापलीकडून नथ्थू,
"कायले पाणी घालून रायले जी, मेलं थे."

आधी मी बादली घेऊन धावायचो.
इतकं पाजलं की मुळ्या कुजायला लागल्या.
आता मातीत बोट घालतो, दोन पेरं.
ओलं निघालं तर बादली खाली ठेवतो
आणि बसून राहतो.
बँकेत तीस वर्षं पाणी पाजलं मी,
न पाजणं आता शिकतो आहे.
सात वाजता एकेक पान वर येतं.
सात वाजता कोणी येत नाही.

कुलर आमच्या खाटांकडे होता.
मी तो चार बोटं दाराकडे वळवला.
पहिल्याच रात्री गिरजेला कळलं.
"माह्या वाट्याचा वारा झाडाले," एवढंच म्हणाली,
आणि सकाळी वाळ्याच्या ताट्या बदलताना
जुनी ताटी भिजवून कुंडीच्या पश्चिमेला बांधली.

पहिल्या साली चूक झाली.
माघात पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या,
हात चालताच होता,
कुंडीतल्या वाळक्या काड्याही बुडापासून छाटल्या.
वर्षभर नुसता पाला.
फोन केला. साहेब पलीकडे जरा वेळ गप्प,
मग म्हणाले, याची कळी
मागच्या वर्षीच्या काडीवर बसते, उकंडराव.
वाळलेली दिसते ती वाळलेली नसते.
मला ते समजलं. मागली शिल्लक पुढे ओढायची,
नव्या पानावर, पहिल्या ओळीत.

औंदा श्रावणात गेंद आला.
साहेबांच्या फोटोत निळा,
आमचा गुलाबी, बत्ताशाच्या रंगाचा.
मातीत चुना आहे, साहेब म्हणाले, तुरटी द्या, निळा येईल.
चुनखडी तर इथे नांगराच्या फाळाला वाजते.
सलूनवाल्या अंबादासकडून खडा आणला,
फोडला, बादलीत विरघळवणार,
तर गिरजेने वाटी काढून घेतली.
"आपल्या मातीचा रंग हाय थो. राहू द्या नं."

माझ्याआधी दोन लेकरं गेली होती.
म्हणून आईने मला उकिरड्यावर ठेवलं
आणि कोणाचं तरी पोर उचलावं तसं उचलून आणलं.
नाव तिथलंच.
खतही तिथलंच घालतो, दोन वर्षं मुरलेलं,
हात घातला तर ऊब न लागणारं.
तुरटीने मी दाढीनंतरचे गाल चोळले.

काल नथ्थू चुकून सातला आला.
विळा मागायला आला होता.
उभं झाड बघून थबकला.
"नवं आनलं का जी?"
मी म्हणालो, हाव.