यादी

सावाई बेटावर, रविवारी, टोप्यांनी पांढऱ्या झालेल्या चर्चमध्ये
दानाची यादी मी वाचतो. एकोणीस वर्षं.
आवाज चांगला म्हणून.
आधी कुटुंब, मग रक्कम.
पुलेताऊ, चारशे टाला.
लेआउपेपे, नऊशे;
ऑकलंडच्या लेकाने पाठवलेले.
नऊशेला मी किंचित थांबतो.
टोप्या वळतात, हातातले विणलेले पंखे हलायचे राहतात.
मोएलांगी, काही नाही.
हेही वाचावं लागतं, पद्धत आहे.
ती मान खाली घालत नाही.
मला वाटतं, घालावी.

गुरुवारी वादळात वीज गेली.
वही वेदीपाशी राहिली होती, आणायला गेलो.
दार नुसतं लोटलेलं.
आत कुणी पुटपुटत होतं,
आणि सुक्या खोबऱ्याच्या धुराचा वास,
म्हणजे तीच, भट्टीवरून तशीच आलेली.

पुलेताऊ, ती म्हणाली. त्याचा गुडघा, प्रभू.
लेआउपेपे. पैसे येतात, पत्र येत नाही.
माझीच यादी,
माझ्याच क्रमाने, तोंडपाठ,
आकडे तेवढे गाळलेले.

मी चौकट धरून उभा.
माझं नाव शेवटी येतं.
रविवारी ते मी भरभर वाचून टाकतो.

आलं.
पुढे ती काही बोलली नाही,
बराच वेळ.
बाहेर नीरफणसाच्या पानांवरून थेंब पडत होते,
मी ते मोजायला लागलो
आणि सवयीची लाज वाटून थांबलो.

वही न घेताच घरी आलो.
परवा रविवार आहे.