लांबी

फ्रिजवरचं लोहचुंबक, अननसाच्या आकाराचं,
रुमालात गुंडाळून मी शनिवारी बाहेर पडतो.
गाडीच्या रंगाला ओरखडा नको म्हणून रुमाल,
आणि मालकाला राग नको म्हणून
नुसता हात फिरवल्यासारखं करतो,
गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.
पत्रा असेल तर चुंबक धरतं.
लांबी असेल तर घसरून पडतं.
गॅरेजवाले पुट्टीला लांबी का म्हणतात, ठाऊक नाही.
दीड वर्षात मला तिची खोली कळली.

हवी आहे हेराल्ड. दोन दारांची, उघड्या टपाची,
जिचं बॉनेट अख्खंच्या अख्खं पुढे कलंडतं,
मगरीनं आ करावा तसं.
सातवीत असताना कॉलेज रोडला एक पाहिली होती.
चालवणाऱ्यानं मला हॉर्न वाजवू दिला होता.
एकदाच.

हिरावाडीत म्हणाले, ओरिजिनल कन्व्हर्टिबल.
टप ग्राइंडरनं कापलेला, कडा अजून बोचऱ्या,
मागच्या सीटखाली वाळलेला झेंडू
आणि कुठल्याशा नवरदेवाचं एक मोजडीचं पाऊल.
"बावीस लग्नं लावलीत हिनं," मालक म्हणाला,
"एकही मोडलेलं नाही."

आडगावला बॉनेट उघडलं तर आत टेम्पोचं डिझेल इंजिन,
दुसऱ्याच्या घरात जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखं अवघडून.

दिंडोरीच्या थेट्यांकडे गाडीत कोंबडी अंड्यांवर बसलेली.
किंमत विचारली: तीन लाख.
"बघू," म्हटलं: साडेतीन.
वडिलांची आठवण आहे म्हणे.
मी घड्याळात पाहिलं, तेवढ्यात आठवण चार लाखांची झाली.
कोंबडी तेवढी जागची हलली नाही.

देवळाली कॅम्पात रुतीबाई भमगरांनी चहा दिला, खारी दिली,
मग आरसी बुक दिलं,
त्यात वाळवीनं चेसिस नंबरच नेमका खाल्लेला.
बाकी सगळं पान शाबूत.
वाळवीला आरटीओचं इतकं ज्ञान कुठून?

घरी सुलक्षणा विचारते, "दोनच माणसांची ना ती?
मग मी कुठे बसायचं ते तरी ठरलंय का?"
म्हटलं, "शेजारी."
"आणि चुंबक?" ती म्हणाली.

मग शरणपूरचे शमुवेल सरोदे.
ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त फिटर.
त्यांनी गाडीवरची चादर काढण्याआधी
चौकटीची वही उघडली आणि वाचायला लागले:
दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो.
डाव्या दाराखाली गंज, तळहाताएवढा.
पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर, त्याचं ऐकू नका.
एकोणीसशे ब्याण्णवला पुढून ठोकली, चूक माझी.
मी रुमाल काढला. चुंबक सगळीकडे धरलं,
ठक्, ठक्, ओढून सोडवावं लागलं.
गंजाची जागा त्यांनीच बोट धरून दाखवली.
किंमत शेवटच्या पानावर,
मी मनात धरली होती तिच्याहून चाळीस हजारांनी कमी.

सातपूरच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी मालावर 'रिजेक्ट'चा शिक्का मारला.
माझा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.
"विचार करून सांगतो," मी म्हणालो.
कसला विचार, हे अजून मला सांगता यायचं नाही.
परतताना रिक्षात, सीबीएसच्या सिग्नलला,
उगाच रिक्षाच्या पत्र्याला चुंबक लावून पाहिलं.

मंगळवारी गेलो तर अंगणात ऑइलचा डाग
आणि चारही चाकांचे चार कोरडे चौकोन.
पुण्याची पार्टी सोमवारी येऊन रोख देऊन गेली.
"वही नको म्हणाले," सरोदे म्हणाले,
"सगळंच नवं करणार आहेत म्हणे.
तुम्ही नीट ऐकत होतात. घेऊन जा."

तेव्हापासून गाडी पुण्यात आहे
आणि तिचे दोष माझ्याकडे.
अननस फ्रिजवर लाइट बिल धरून बसलाय.
रात्री जेवण झालं की मी एखादं पान वाचतो.
काल नववं वाचलं. निळ्या शाईत, बारीक अक्षरात:
दमट हवेत हॉर्न आपोआप वाजतो.
एकदाच. घाबरू नये.