भिंतीचा कान

तिसरा फुटला तेव्हा मी मोजणं सोडलं.
पांढरा, बशीएवढा, गोलच्या बरोब्बर मागे,
कडेला हिरवा ठिपका, जागा असल्याची खूण.
भिंतीला कान असतात म्हणे.
वेस्टमन्नातल्या आमच्या हॉलला हा एकच,
आणि हँडबॉलला नेमका तोच दिसायचा.

त्या शनिवारी फेकणारी रानवा.
चौदा वर्षांची. हात लांब, राग त्याहून लांब.
चेंडू बारला थडकून वर उसळला,
भिंतीवर अंडं फुटल्यासारखं काही वाजलं,
ठिपका गेला.
खाली सामना चालूच. कुणाला पत्ता नाही.
पत्ता लागला तो बारेंट्स समुद्रात,
जिथे तिचा बाप हल्लुर
खवले चिकटलेल्या बोटांनी फोन धरून बसला होता.
थेट म्हणतात, पण थेट काही नसतं:
चित्र चार सेकंद मागून चालतं.
म्हणून त्याच्याकडे ती थिजली ती हवेत,
हात मागे, वेणी आडवी,
आणि ज्या चेंडूनं कान फोडला
तो अजून तिच्याच मुठीत.

रात्री फोन आला. वाऱ्यात तुटत तुटत:
"सॉमल, गोल झाला का?"
मी म्हणालो, "अरे, यंत्रच फुटलं."

मग मी लोखंडाचा पिंजरा केला.
बारीक जाळी, चार बोल्ट, माझं वेल्डिंग.
चेंडू काय, मेंढासुद्धा अडला असता.
आतला ठिपका हिरवागार,
आणि हॉलभर एकाचाही फोन लागेना.

तोर्शहाव्नहून बाइन्ता आली,
शिडीवर चढायच्या आधीच हसली.
"तू कान वाचवलास, सॉमल, पण बोळा घालून."
तिनं प्लास्टिकचं जाड कवच आणलं होतं.
म्हणाली, याचे स्क्रू भिंतीत जातात, यंत्रात नाही;
मार भिंतीनं खायचा.
आत दोन बोटं पोकळी ठेव.
वरचा भाग उतरता, नाहीतर चेंडू अडकून बसतील.
आणि मुळात, गोलच्या मागे हे लावलं कुणी?
मी छताकडे बघितलं.
मीच. प्लग जवळ होता.

आता ते कोपऱ्यात आहे, घड्याळाच्या वर.
रानवाला म्हटलं, मार बघू.
दोन चुकले. (मारायचं नसतं तेव्हा बरा लागतो नेम.)
तिसरा बसला. पाव पडावा तसा आवाज.
आम्ही दोघं मान वर करून उभे.
ठिपका मिचकला,
मग हिरवा.

हल्लुर नाताळात घरी आला.
त्यानं ते थिजलेलं चित्र ठेवून दिलंय,
कॉफी पिताना सगळ्यांना दाखवतो,
"हा बघा, हा गोल."
रानवा कपात साखर ढवळते.
मी किल्ल्या मोजतो.