अंगण वाकडे

कुताइसी. पाचवा मजला. बाल्कनीला काचा ठोकून
केलेल्या माझ्या दीड हाताच्या कारखान्यात
एक गाडी जन्मली, वीतभर लांब.
चाकं म्हणजे त्केमालीच्या बरण्यांची झाकणं,
अजून बोटांना आंबट वास लागतो.
मोटारी मेलेल्या टेपरेकॉर्डरमधल्या,
बॅटरी भाच्याच्या फुटक्या लॅपटॉपची,
कल मोजणारी चिप तेवढी विकतची,
शेन्झेनहून एक्केचाळीस दिवसांनी आलेली,
नखाएवढी.

तिला एकच काम दिलं होतं: सरळ जा.
दारापासून खिडकीपर्यंत, माझी नऊ पावलं.
ती निघायची ऐटीत
आणि चौथ्या पावलाला डावीकडे ओढ घ्यायची,
थेट कपाटाखाली, धुळीत,
जिथे त्सियालाचं हरवलेलं अंगुस्तान सापडलं.

मोटारी अदलाबदल केल्या.
डाख पुन्हा लावले, डोळ्यांत राळेचा धूर.
झाकणं कानशीने घासली.
कोडमधली एकच ओळ सतरा वेळा बदलली.
डावीकडेच.
शेवटी चिपलाच विचारलं, गाडी जागेवर उभी असताना.
चिप म्हणाली: दीड अंश.
खोटारडी, म्हटलं. स्वस्तातली.
आणि त्या दीडाला शून्य म्हणायला शिकवलं.

रविवारी अवतांदिल आला,
ट्रकच्या कारखान्यातला जुना जोडीदार.
पेला रिकामा करून म्हणाला,
"उलटी सोड. खिडकीकडून दाराकडे."
सोडली.
ती उजवीकडे गेली.
म्हणजे त्याच भिंतीला. त्याच कपाटाखाली.

आम्ही दोघंही बोललो नाही.
खाली कुणीतरी गालिचा झोडपत होतं.
लिफ्ट नाणं गिळून कण्हत वर निघाली.
नाचणारीचा काही दोष नव्हता.

त्सियाला आतून आली, हात पिठाचे.
एक अक्रोड फरशीवर ठेवला, नुसता ठेवला.
तो निघाला.
"अकरा वर्षं," ती म्हणाली,
"पलंगाच्या पायाखालचा पुठ्ठा कोण बदलतं, वाटलं तुला?
तू गाढ झोपायचास.
म्हणून बोलले नाही."

मग मी कोडमधून तो खोटा शून्य काढला.
गाडीला सरळ चालवणं आता दोन ओळींचं काम आहे.
अजून केलेलं नाही.
रात्री तिला कपाटाशी उभी करतो,
चाकाला आगपेटीची पाचर,
आणि आकडा वहीत उतरवतो.
सोमवार, एक पूर्णांक पाच.
मंगळवार, एक पूर्णांक पाच.
बुधवार, एक पूर्णांक सहा.
चिप स्वस्तातली आहे.

"किती?" त्सियाला अंधारातून विचारते.
"तेवढंच," म्हणतो मी,
आणि वाकून, आवाज न करता,
पुठ्ठ्याची एक घडी वाढवतो.