फाटे

शेंदूरजना घाटच्या अलीकडे, डांबर संपतं तिथे
आमचं संत्र्याचं पॅकिंग हाऊस.
पत्र्याखाली एक टेबल, एक लॅपटॉप, मी,
आणि प्रज्योत नोकरी बदलताना मागे ठेवून गेला ते
एकच फंक्शन, भाव काढणारं.
सहाशे चौदा ओळी.

जर बहार आंबिया असेल
    तर, जर साल ढिली असेल
        तर, जर क्रेट वीसच्या वर असतील
            तर, जर आज बुधवार नसेल
ओळी उजवीकडे सरकत सरकत
स्क्रीनचा धुरा ओलांडून गेलेल्या,
आणि तळाशी बंद होणारे कंस
एकावर एक, अकरा.
यातला कोणता कोणाचा, हे प्रज्योतलाही
दिवाळीनंतर आठवलं नसेल.

"काय पाहून राह्यली वो सकायपासून?"
काट्यावरचे झिंगरूजी.
फाटे मोजते म्हटलं.
प्रत्येक 'जर'चा एक, 'किंवा'चा एक,
गोल फिरून येणाऱ्या वाटेचा एक,
आणि सरळ रस्त्याचा वरून एक.
त्रेपन्न झाले.
दहाच्या वर गेले की सावध व्हावं म्हणतात आमच्यात.
"दहा?" झिंगरूजी हसले.
"आमचा साळभाऊ तीन फाट्यातच चुकला.
वरूडले निघाला, पांढुर्ण्याले पोचला."

आधी सल काढली.
भंगारात गेलेल्या मशीनसाठीचा फाटा,
बंद झालेल्या सेसचा,
आणि वर 'तात्पुरतं' असं लिहिलेला,
चार वर्षं जुना.
वाळलेलं हाताला लागलीच कळतं,
ओढलं की कट्टकन येतं.

एक ओढलं ते मात्र ओलं होतं.
जर खातं दोनशे बारा, तर वजनातून आणखी सोळा किलो वजा.
मला वाटलं, जुनी खुन्नस.
काढून टाकलं.
संध्याकाळी इंदूबाई टेकाडे स्वतःच आल्या पावती घेऊन:
"सोळा किलो जास्त लागले वो माये. तुमचे पैसे वापस घ्या."
त्यांचे क्रेट अजून लाकडी आहेत,
सासऱ्याच्या हातचे, प्लास्टिकपेक्षा जड.
हे सगळ्या गावाला माहीत होतं,
फक्त कोडमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी तो फाटा परत लावला.
पण आता २१२ नाही,
लाकडी_क्रेट_वजा.

मग तसंच करत गेले.
मोठं तोडलं, लहान केलं,
एकेकाला नाव दिलं, तेही मराठीतच.
सगळ्यात वाकड्यातही आता सातच फाटे.
बेरीज केली तर, खरं सांगते,
फार कमी भरत नाही.
संत्र्याचा धंदा आहे तेवढा वाकडा आहेच,
तो माझ्या हातून सरळ होणार नाही.
वळणावर पाटी लावता येते, एवढंच.

एक आकडा तेवढा राहिला, ०.९७.
प्रत्येक वजनाला त्याने गुणलेलं.
का, ते कुठेच नाही.
प्रज्योत फोन उचलत नाही.
यावेळी हात लावला नाही.

आज झिंगरूजी चष्मा घालून स्क्रीनजवळ आले,
काचेवर बोट टेकवून वाचू लागले,
पहिल्यांदा लग्नपत्रिका वाचावी तसे:
वजन घ्या.
क्रेट वजा करा.
साल पाहा.
भाव सांगा.
"हे तं मीच रोज करतो न वो."
मग बोट परत वर गेलं, दुसऱ्या ओळीवर थांबलं.
"पण पानं झटकाचं राह्यलं इथं.
देठं, पानं... शंभरात तीन किलो तं तेच भरते."

मी काही बोलले नाही.
बाहेर ट्रॅक्टर काट्यावर चढला,
झिंगरूजी उठले.
०.९७ च्या आधी कर्सर लुकलुकत होता
आणि मला नाव सुचलेलं होतं.