डाव्या बाजूची पांढरी एक

बाबांची गळ्यातली पेटी उघडली तेव्हा
उजवीकडच्या पट्ट्या तंबाखूच्या दातांसारख्या पिवळ्या,
एक तर अंगठ्याखाली झिजून बशी झालेली.
डावीकडची एकशे वीस बटणं मात्र
डब्यातल्या साबुदाण्यासारखी कोरी.

चाळीस वर्षं शहापूर, वडगाव, पार निपाणीपर्यंत
वराती वाजवल्या भरमाण्णा मुतगेकरांनी,
सगळ्या उजव्या हातानं.
डावा हात भाता ओढायला.
त्या बटणांचं काय, हे बँडमध्ये
कुणी कुणाला विचारलंच नाही.

मी उद्यमबागेत, लेथवर.
डाव्या करंगळीचं टोक एका नाइट शिफ्टला
चकमध्ये राहून गेलं.
कॅम्पातल्या रिबेलो बाईंना आधी तेच दाखवलं,
परत पाठवायचं तर आत्ताच पाठवू देत.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला:
"करंगळी क्वचितच लागते इथं. बस."

बघायचं नाही, हा पहिला नियम.
बटणं बाहेरच्या अंगाला तोंड करून बसलेली,
मान वाकवून डोकावलं तर सूरच मोडतो.
बोटांनीच शोधायचं एक खळगं,
एका बटणाच्या डोक्यात, ज्वारीच्या दाण्याएवढं.
ती पांढरी एक.
तिथून वर सरकलं की पांढरी पाच,
खाली सरकलं की पांढरी चार.

"सा च्या शेजारी रे नाही?"
"रे लांब राहतो," बाई म्हणाल्या,
"इथं ज्याचं ज्याच्याशी जमतं, तो शेजारी."
त्या संध्याकाळी गोगटे सर्कलपर्यंत
पाट्या वाचत आलो.
वरची अक्षरं, खालची अक्षरं,
मधली खरवडलेली.

मग तिरकं जायचं.
पलीकडच्या ओळीत एकच बटण दाबलं
की आत तीन सूर एकदम उठून उभे.
त्याच्याही पलीकडं तेच तिघं,
फक्त गंधार कोमल:
मांडव सोडल्यावरची जमीन,
खांबांचे खड्डे तेवढे उरलेले.

धूम चक चक.
मधलं बोट एकदा, तर्जनी दोनदा.
धूम चक
चुकलं.
हजारावा भाग मिलिमीटरचा ओळखणारी ही बोटं
दोन बटणांत गोंधळतात
आणि डावा सावरावा तर
उजवा चालता चालता गाव विसरतो.
शिफ्टवर टेलस्टॉकवर बोटं आपटत होतो,
इराण्णा फोरमन धावत आला:
"एन्री, मशीन केट्टैतेन?"

आठ महिन्यांनी घरी पहिल्यांदा दोन्ही हात लावले.
बाबा पायरीवर पाठमोरे, चुना मळत.
त्यांचीच वरातीची चाल,
खाली माझा धूम चक चक.
आई चुलीपासून ओरडली,
"काय वाजवूलालास रे, छान हाय की!"
बाबा आधी काहीच बोलले नाहीत.
मग म्हणाले, "ते खालचं बंद कर."
का?
"मागनं कोण तरी चालत आल्यागत वाटतंय."

बंद केलं.
चाळीस वर्षं माणूस पुढं एकटाच चालला असेल,
मागं बँडचे अठरा जण असूनही.
हे मी म्हणालो नाही. ताट वाढलं, जेवलो.

रविवारी शिकवणीला निघताना
बोट सवयीनं खळग्यावर गेलं
आणि काहीतरी खरखरलं.
पेटी उजेडात वळवली, नियम मोडून बघितलं.
पांढऱ्या एकच्या खळग्यात
वाळलेला चुना.
वरच्या पाचवर पुसटसा,
खालच्या चारवरही.
पुढं वर, आणखी वर, दोन, सहा,
चाचपडत गेलेला, मग कुठं तरी हरवलेला.

भात्याचे दोन्ही पट्टे
मी रात्री लावले तसेच लावलेले.
म्हणजे आवाज झालाच नसणार.