आढळले नाही

पूर्व कोलोरॅडो, कॅन्ससची हद्द जवळच.
युद्धाच्या काळात पोरं इथं
उखळी तोफा डागायला शिकली.
आता गवत, काटेरी तार,
आणि आमची ढकलगाडी,
पोटात तांब्याची वेटोळी घेतलेली.

काम तसं कुंभारवाड्यातलंच.
मडकं घेताना टिचकी मारून बघतात ना,
तशी आम्ही जमिनीला विजेची टिचकी देतो
आणि झटकन हात काढून घेतो.
खाली लोखंड असेल तर
सेकंदाच्या काही हजारांशापुरतं
ते बोलत राहतं.
पातळ पत्रा लगेच गप्प.
जाड कवच सावकाश,
जेवण झालं तरी पाटावरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

रात्री मोटेलात मी त्या रेषा वाचते.
खणा.
खणू नका.
आणि तिसरा रकाना, ज्याचे पैसे द्यायला कुणी राजी नसतं:
सांगता येत नाही.

अकराशे सत्तेचाळीसची रेषा
हुबेहूब साठ मिलिमीटरच्या गोळ्याची.
लुपे टॅफोया गुडघ्यांवर बसली,
आधी थापी, मग ब्रश, मग नुसती बोटं.
चाळीस मिनिटांनी निघाला
घोडागाडीच्या आसाचा तुकडा.
ती हसली नाही. पुढच्या झेंडीकडे गेली.

जमिनीचा मालक एल्डन रूप, वय ब्याऐंशी,
रोज तारेपलीकडे येऊन उभा राहतो.
म्हणाला, 'आमच्या घरात होता एक.
थोरल्या भावाला, व्हर्लला, नांगरताना सापडलेला.
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून आईनं ठेवला.
नऊ वर्षं. दर शनिवारी पुसायची.'
'मग?'
'मग नवं दार बसवलं.
व्हर्लनं तो परत इथंच कुठंतरी पुरला.'

इथंच कुठंतरी, म्हणजे
चौऱ्याऐंशी एकर.

आज शेवटचा खड्डा बुजवला,
गवताचा थर जागेवर बसवून थापटला.
गोळे सतरा. नाल मोजले नाहीत.
एका गोळ्याची एक बाजू जरा गुळगुळीत होती.
एल्डन बघत राहिला. 'हाच का?'
मी म्हटलं, सांगता येत नाही.

'आता काही उरलं नाही' असं लिहायला
अहवालात जागाच नसते.
तळाशी आधीच छापलेलं असतं:
आढळले नाही.
त्याखाली मी सही केली.

लुपे गाडीत चढण्याआधी
बूट आपटून माती झाडत होती,
सवयीनं,
हळूच.